काळा कोट शिवण्याआधी : ठाणे-नवी मुंबईतून वकिलीत येणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की कोर्ट नाक्याजवळच्या माझ्या ऑफिसात दोन-तीन कुटुंबं हटकून येतात. आईवडील पुढच्या खुर्च्यांवर, मुलगा मागे स्टुलावर. वाक्य ठरलेलं: "मॅडम, हा घरात कोणाला बोलू देत नाही, याला वकीलच करायचंय." मी चहा सांगते आणि दोन प्रश्न विचारते. कायद्याच्या प्रवेशाची सीईटी दिली का? आणि शिक्षण संपल्यावर आणखी चार-पाच वर्षं याने घरात पैसे दिले नाहीत तर चालेल का? पहिल्या प्रश्नाला निम्मे लोक गडबडतात, दुसऱ्याला जवळजवळ सगळेच. वडील पंख्याकडे बघू लागतात.

बोलका मुलगा चांगला वकील होतो हा समज कुठून आला कोण जाणे. कोर्टात बोलायला मिळतात ती मिनिटं. बाकी दिवस वाचण्यात, लिहिण्यात आणि आपल्या प्रकरणाच्या पुकाऱ्याची वाट बघण्यात जातो. माझ्या डोळ्यांसमोर जे ही वकिली सोडून गेले, त्यांतले फार थोडे अक्कल कमी पडली म्हणून गेले. बहुतेकांना थांबणं परवडलं नाही. म्हणून मी प्रवेशाच्या आधी पैशाबद्दल बोलणार आहे.

१. आधी घरचा हिशेब

२०११ मध्ये मी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतली तेव्हा ज्यांच्या हाताखाली काम शिकायचं ते सिनियर महिन्याला ३,००० रुपये देत, तेही "घे, प्रवासाला होतील" अशा सुरात. वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, घर स्वतःचं, म्हणून निभावलं. माझ्याबरोबर सनद घेतलेली, माझ्याहून हुशार मैत्रीण दिवा गावात भाड्याच्या खोलीत राहायची. दीड वर्षात ती बँकेत लागली. आजही तिचं ड्राफ्टिंग माझ्यापेक्षा चांगलं असेल.

आता माझ्या ओळखीच्या ठाण्यातल्या ऑफिसांत नव्या ज्युनियरला ५,००० ते १२,००० मिळतात. वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. सिनियरसमोर विषय काढायला ती उपयोगी पडेल. घरमालकासमोर नाही.

हे काही आजचं दुखणं नाही. १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा परदेशातल्या पदव्या गाठीला होत्या. तरी पुढे काही वर्षं ते बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते.

तर एक वही घ्या. रेल्वेचा पास, डबा नसेल त्या दिवशीचं जेवण, पांढरे शर्ट, गळ्याचे पांढरे बँड, बेअर ॲक्ट (म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराची पुस्तकं), मोबाइलचा रिचार्ज आणि झेरॉक्स. झेरॉक्सचे पैसे सिनियर नंतर देतात, पण आधी ते आपल्या खिशातून जातात. शेजारी लिहा, घरात पगार किती चालू आहेत, भाडं किंवा हप्ता किती आहे, धाकट्या भावंडाची फी कधी संपते. घरात एक पगार चालू असेल आणि भाडं नसेल तर थेट कोर्टात या. हप्ता चालू असेल आणि कमावणारे तुम्हीच असाल, तर कंपनीतली कायद्याची नोकरी करून दोन-तीन वर्षांची पुंजी बाजूला टाका, मग या. तो कमीपणा नाही.

एक नियम आधीच माहीत असावा. सनद चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, सनद स्थगित करावी लागते. कायदा शिकवण्याचं काम मात्र दिवसाला तीन तासांपर्यंत चालतं. ज्युनियर मंडळी संध्याकाळी सीईटीचे क्लास घेतात, इंग्रजी कागदपत्रांचं मराठी करून देतात, लिव्ह अँड लायसन्सचे करार नोंदवून देतात. घोडबंदर रोडला दर अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलतात, त्या करारांवर कित्येकांचे पास निघाले आहेत.

२. पाच वर्षं की तीन

बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं, असे दोन रस्ते. दोन्हीसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा लागते. पेपर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. खुल्या प्रवर्गाला आधीच्या परीक्षेत ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. खरी गोची तारखांची आहे. अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच निघतात आणि परीक्षा निकालाच्या आसपास होऊन जाते. निकाल हातात घेऊन चौकशीला येणाऱ्याचं एक वर्ष तिथेच जातं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट तर त्याआधीच्या डिसेंबरमध्ये होते. पवईचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ तिच्यातूनच भरतं.

माझं मत विचाराल तर घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी बी.कॉम. करा, मग तीन वर्षांचा कोर्स. हाताशी एक पदवी राहते आणि वीस-एकविसाव्या वर्षी आपल्याला खरंच हेच करायचंय का ते जास्त नीट कळतं. उलट जिला आठवीपासून न्यायाधीश व्हायचंय तिने पाच वर्षांचाच धरावा.

कॉलेजं आपल्याकडे पुरेशी आहेत. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचं टीएमसी लॉ कॉलेज, बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र, बेलापूरला भारती विद्यापीठ, नेरुळला डी. वाय. पाटील, कळंबोलीला केएलई. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं. तिथे गुण बसले तर लोकलची गर्दी सोसायला हरकत नाही, कारण तिथून उच्च न्यायालय चालत गाठता येतं. सरकारी आणि अनुदानित जागांची फी काही हजारांत, खाजगी विद्यापीठांत वर्षाला लाखांत. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून पूर्ण सवलत आहे. प्रवेश घ्यायच्या आधी कॉलेजच्या खिडकीवर हे विचारा, कारण केंद्रीय प्रवेशप्रक्रिया सोडून संस्थेच्या कोट्यातून गेलात तर सवलतींचं गणित बदलतं.

आणखी दोन गोष्टी तपासा. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे का, आणि हजेरी खरोखर घेतात का. नियमाने ७० टक्के हजेरी लागते. "फक्त परीक्षेला या" म्हणणाऱ्या दूरच्या कॉलेजची पदवी सनदेच्या वेळी गळ्यात येऊ शकते. पत्राने केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही.

३. कॉलेजची वर्षं कोर्टात घालवा

नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्याला २० आठवडे इंटर्नशिप हवी. मुलं ती बड्या फर्मच्या लेटरहेडसाठी करतात. एखादी तशी करा, पण बाकीची तालुका आणि जिल्हा कोर्टात करा. कोर्टाची खोली सर्वांना खुली असते. मागच्या बाकावर गप्प बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

बसल्यावर करायचं काय? बोर्ड बघा, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी. त्यातलं एक प्रकरण निवडा, ई-कोर्ट्स ॲपवर त्याचा सोळा अंकी सीएनआर नंबर टाका आणि आजवर त्यात काय काय झालं ते तारखेवार वाचा. मग पुढच्या तारखेला पुन्हा जा. एकच दिवाणी दावा वर्षभर असा धरून ठेवलात तर समन्स, कैफियत, मुद्दे, सरतपास, उलटतपास हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

मराठी टायपिंग शिका. खालच्या कोर्टात कित्येक अर्ज, जबाब आणि पंचनामे मराठीत असतात. इंग्रजी शाळेतून आलेल्या माझ्या एका ज्युनियरला 'सामायिक' आणि 'समाईक' यांत फरक आहे की नाही यावर अर्धा तास घालवावा लागला. तसंच उलट. मराठी माध्यमातल्या मुलामुलींनी इंग्रजीचा बाऊ करू नये, पण निकालपत्रं इंग्रजीत वाचायची रोजची सवय हवीच. दिवसाला एक, दोन पानं का असेना.

फौजदारी कायदा सध्या दुहेरी शिकावा लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते. जुनी प्रकरणं अजून कित्येक वर्षं चालतील. त्यामुळे फसवणुकीचं कलम ४२० गेलं आणि ३१८ आलं एवढ्यावर भागत नाही, दोन्ही पुस्तकं टेबलावर हवीत.

४. सनद

पदवी मिळाली की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिल्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात. नोंदणीनंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते. १०० प्रश्न, पासाला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, आणि टिपणं नसलेले बेअर ॲक्ट आत नेता येतात. पुस्तक उघडं म्हणून निर्धास्त जाणारेच नापास होतात, कारण कोणतं कलम कुठे आहे ते माहीत नसेल तर पानं उलटण्यातच वेळ संपतो.

कोटाबद्दल एवढंच, की एकच शिवा, पण हलक्या कापडाचा. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात त्यातूनही सूट असते.

५. सिनियर निवडणं

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. कॉलेज चुकलं तर सावरता येतं, पहिला सिनियर चुकला की दोन वर्षं जातात.

मोठं नाव बघू नका. तो स्वतः साक्षीपुरावा चालवतो का ते बघा. सलग आठवडाभर त्याच्या मागे कोर्टात बसा. नुसत्या तारखा घेतो, की उलटतपासाला उभा राहतो? जुने ज्युनियर किती वर्षं टिकले, आणि सोडून गेले ते आज कुठे आहेत, हे बार रूममध्ये विचारलं की खरं कळतं. पैशाचं पहिल्याच भेटीत बोला. "बघू पुढे" म्हणणारा पुढेही बघत नाही. मुलींनी ऑफिसची वेळ विचारावी, रात्री नऊनंतर थांबावं लागतं का, आणि त्या वेळी ऑफिसात आणखी कोण असतं. हे विचारण्यात संकोच कसला? ज्याला हा प्रश्न खटकेल त्याच्याकडे जाऊ नका.

पहिल्या वर्षीचा दिवस असा असतो. साडेदहाला बोर्ड बघायचा, आपली प्रकरणं कोणत्या कोर्टात कितव्या नंबरवर आहेत ते डायरीत मांडायचं. सिनियर उच्च न्यायालयात असला तर ठाण्यात तीन कोर्टं आपल्या एकटीच्या जिवावर. कुठे मुदतीचा अर्ज, कुठे समोरच्याच्या अर्जावर 'से', म्हणजे आपलं म्हणणं, कुठे हजेरी माफी. मधल्या वेळात नकलेचा अर्ज, कोर्ट फीची तिकिटं, झेरॉक्स. दुपारनंतर रोजनामा, म्हणजे त्या दिवशी प्रकरणात काय झालं त्याची कोर्टाची नोंद, वाचून पुढची तारीख आणि कशासाठी नेमलंय ते लिहून घ्यायचं. संध्याकाळी ऑफिस.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून घडलेलं सांगते. एका कोर्टात जामीन, दुसऱ्यात कळव्याच्या एका आजोबांचा जागेचा दावा. जामिनाचा नंबर आधी येईल म्हणून तिकडे उभी राहिले. तो आटोपून झेरॉक्सवाल्याकडे गेले, रांग होती. परत आले तर शिपाई म्हणाला, "मॅडम, आत्ताच झालं." दावा डिसमिस फॉर डिफॉल्ट, म्हणजे गैरहजेरीमुळे काढून टाकलेला. समोरचे वकील हजर, वादीतर्फे कोणी नाही. आजोबा बाहेरच्या बाकावर बसले होते, पण पुकारा त्यांना ऐकू गेला नव्हता. तो पुन्हा बोर्डावर घ्यायला तीस दिवसांच्या आत अर्ज, प्रतिज्ञापत्र, समोरच्याला नोटीस, असं करत पाच महिने गेले. कॉस्ट, म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेला खर्च, मी भरली. आजोबा प्रत्येक तारखेला येत राहिले आणि मला एकदाही काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

यात कायद्याचं अज्ञान कुठेच नव्हतं. कोर्टात शिरताच शिरस्तेदारांना, म्हणजे कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांना, "मॅटर किप बॅक ठेवा, शेजारच्या कोर्टात आहे", म्हणजे थोडं मागे ठेवा, एवढं सांगायचं होतं, आणि पक्षकाराला आत बसवायचं होतं. असल्या गोष्टी कॉलेजात शिकवत नाहीत. त्या सिनियर किंवा शिरस्तेदार शिकवतो. त्यामुळे कोर्टातल्या कर्मचाऱ्यांशी अदबीने वागा. त्यांना कायदा तुमच्यापेक्षा कमी आणि कोर्ट तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

६. आपल्याकडे कामं कोणती

ठाणे-नवी मुंबईचा फायदा असा, की इथल्या जमिनीनेच वकिलांना काम दिलंय. नवी मुंबई वसवायला १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्याच संघर्षातून आली. आता ज्यांच्या नावे जमीन होती ते हयात नाहीत, मुलं-नातवंडं वाटेकरी. त्यामुळे वारस प्रमाणपत्राचे अर्ज चालतात, तेही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली! बहिणींचे हक्कसोड, दोन घरांची वंशावळ, सातबारावरची जुनी नोंद. आगरी-कोळी घरांतल्या मुलांना हे घरातच ऐकू आलेलं असतं. त्यांनी हे काम दुसऱ्यांना का सोडावं?

ठाण्याकडे सोसायट्या. नौपाडा, पाचपाखाडी, वागळे भागातल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास, बिल्डरने न केलेलं अभिहस्तांतरण (म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करणं), मग ते बिल्डरशिवाय करून घ्यायला १९६३ च्या मोफा या फ्लॅट-मालकीच्या कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज. यात कोर्टापेक्षा कागद जास्त, आणि फी बऱ्यापैकी वेळेवर येते, कारण ती कमिटीच्या ठरावाने मंजूर होते. नव्या वकिलाला मी हे काम आग्रहाने सुचवते. याशिवाय चेक परत गेल्याची १३८ ची प्रकरणं, मोटार अपघात दावे, कौटुंबिक न्यायालय. अपघाताच्या दाव्यात एक सांभाळा: निकालातल्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवणं नियमाला धरून नाही. आजूबाजूला करणारे दिसतील.

रील्सचंही तसंच. वकिलाला जाहिरात करता येत नाही. कायद्याची माहिती सांगणं वेगळं आणि "जामीन २४ तासांत, फोन करा" वेगळं. कामं येतात ती सोसायटीच्या सेक्रेटरीकडून, इस्टेट एजंटाकडून आणि ज्याचं काम नीट केलंत त्या माणसाच्या मेव्हण्याकडून.

७. न्यायाधीश, नोकरी

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर ही परीक्षा एमपीएससी घेते. मूळ वेतन ७७,८४० रुपयांपासून, त्यामुळे क्लासवाल्यांचे फलक सगळीकडे. पण २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पदवी घेऊन थेट अभ्यासिकेत बसायचा रस्ता त्याने बंद केला. ही तीन वर्षं नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून सनदेला उशीर करू नका, आणि जाहिरात आली की त्यातली अट शब्द न शब्द वाचा. मुलांना हा निकाल जाचक वाटतो. मला मात्र कळव्याच्या आजोबांची आठवण येते, आणि खुर्चीवर बसणाऱ्याने आधी त्या झेरॉक्सच्या रांगेत उभं राहिलेलं असावं असं वाटतं.

कंपन्यांतल्या नोकऱ्या ऐरोली, महापेच्या पट्ट्यात आणि मुंबईत मिळतात. करार वाचणं, नोटिसांना उत्तरं, नियमपालन. पगार पहिल्या महिन्यापासून. इंग्रजी ड्राफ्टिंग पक्कं असेल तर निवांत चालतं.

परवा आलेल्या कुटुंबातल्या मुलाने सीईटी दिली होती. मी त्याला सांगितलं, सोमवारी अकरा ते दोन ठाणे कोर्टात बस आणि मग मला भेट. सव्वादोनला तो ऑफिसात आला, घामाघूम. "मॅडम, काहीच झालं नाही." मी विचारलं, काहीच म्हणजे किती? त्याने मोबाइल काढला. त्यात नोंदी होत्या: एकतीस प्रकरणं पुकारली, तेवीसांना तारीख, चारांत कोणीच नाही, तिघांत वकीलपत्र दाखल, एकात साक्षीदार उभा राहिला पण त्याचा चष्मा घरी राहिला होता.

"त्या चष्म्याच्या केसला पुढची तारीख कुठली दिली?" मी विचारलं.

"अकरा तारीख," तो म्हणाला. "मी येऊ का त्या दिवशी?"